ओला रंग

ठिपकी गादीची वळकटी घेऊन फाटकातून आत आली, तेव्हाच थोरलीनं ओळखलं की ही सुट्टीवर आलेली नाही. सुट्टीला येणारी मुलगी कपडे आणते, धुवायचे असले तर जरा जास्तच आणते. गादी आणत नाही.

थोरली मागच्या आवारात ओला कपडा दोरीवर पसरत होती. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. ठिपकीच्या अंगावर पांढराशुभ्र सदरा होता, आणि चुलत बहीण इतक्या दिवसांनी दिसली म्हणजे मिठी मारायला निमित्त लागत नाही. थोरलीनं मिठी मारली नाही. पण पांढऱ्या सदऱ्यावर उमटलेले निळे पंजे मनात येऊन गेले, आणि ते आपल्या मनात आले हे तिला कळलंही.

"अगं, कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर बाबा न्यायला आले असते. मग वाटभर समजूत काढली असती."

"कसली समजूत?"

ठिपकीनं वळकटी पायरीवर टाकली. "आत्या कुठे आहे?"

थोरलीच्या हातातला कपडा दोरीवरून घसरला. आज रविवार होता. आज दुपारी आत्या नमुन्याची खोली थोरलीच्या हवाली करणार होती. त्यासाठी कारखान्याच्या भट्ट्या बंद ठेवल्या होत्या आणि सगळे घरी होते.

या रंगाऱ्यांच्या घरात काम करायचे सगळेच, पण शब्द एकाचाच चालायचा. गिऱ्हाइकानं दिलेल्या नमुन्याशी रंग जुळला की नाही, हे त्या खोलीत बसणारं माणूस ठरवायचं. आजोबांनंतर ती खोली आत्याकडे आली होती. आता आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. शस्त्रक्रियेनंतर दिसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. रंग तसेच दिसतील का, या प्रश्नावर ते नुसते हसले होते, आणि आत्याला ते हसणं पुरेसं होतं.

ठिपकी आत गेली. थोरलीनं घसरलेला कपडा उचलून पुन्हा झटकला. शाळा संपली त्याच वर्षी तिचे वडील गेले होते आणि रंगाच्या हंड्यापाशी एक जागा रिकामी झाली होती. कॉलेजला जाऊ नकोस असं तिला कुणी म्हटलं नाही. जा असंही कुणी म्हटलं नाही. ठिपकीच्या वेळी मात्र तिची पेटी सगळ्या घरानं मिळून भरली. थोरलीनं स्वतः तिच्या टॉवेलांवर खुणेचे टाके घातले होते. आणि तरीही आत्या येताजाता म्हणायची, "नजर ठिपकीची, हात थोरलीचे." लहानपणी ठिपकीच्या गालावर उडालेला हिरवा थेंब कितीतरी दिवस निघाला नव्हता, त्यावरून तिचं नाव पडलं होतं. आत्याच्या मते तो शकुन होता. थोरलीच्या मते गाल नीट धुतला नव्हता.

आतल्या खोलीत सगळे जमले तेव्हा ठिपकी खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"जेवण नीट नाही का तिथं?" तिच्या बाबांनी विचारलं.

"जेवण ठीक आहे."

"मुली त्रास देतात?"

"कुणी त्रास देत नाही. कुणी बघतसुद्धा नाही माझ्याकडे. फक्त प्रयोगाच्या तासाला बघतात, कारण माझं उत्तर सगळ्यांहून वेगळं येतं. रंग बघायचा असतो बाबा, बाकी काही नाही. रंग! आणि माझंच चुकतं."

"तुझं? रंगात?" आत्या मोठ्यानं हसली. "मग त्यांचंच चुकत असणार."

"त्यांचं नाही चुकत, आत्या."

"पहिलंच वर्ष आहे," ठिपकीची आई दारातून म्हणाली. "नवीन सून सासरी गेली तरी तिला वर्षभर मीठ-तिखटाचा अंदाज येत नाही. मी आले तेव्हा काय होतं, विचार तुझ्या बाबांना."

"अजून कुठे येतोय," बाबा म्हणाले. कुणी हसलं नाही.

"मला परत जायचं नाही," ठिपकी म्हणाली. "मी इथं काम करीन. आत्याबरोबर."

आत्यानं हात पुढे केला, ठिपकीचं डोकं चाचपून शोधलं आणि कुरवाळलं. "राहा की. घर तुझंच आहे."

थोरलीची आई पुढे आली. ती म्हणाली, "वन्सं, आज काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं ते ठरलेलंच आहे, वहिनी. नजर बघून खोली द्यायची. आमच्या वडिलांनी मला तशीच दिली. थोरली एकटीच होती तेव्हा बघायचा प्रश्न नव्हता. आता दोघी आहेत."

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या पोरीनं वाफेत हात भाजले, ते—"

"आई," थोरली म्हणाली. मग आत्याकडे वळली. "बघ ना. दोघींची बघ."

तिचा आवाज इतका सरळ होता की ठिपकीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ताईचा चेहरा तिला लहानपणापासून पाठ होता. त्यात आज एक घडी जास्तीची होती.

*

नमुन्याच्या खोलीची भिंत, छत, टेबल सगळं पांढरं. खिडकी उत्तरेला, म्हणजे ऊन थेट कधीच आत यायचं नाही. आत येणाऱ्यानं राखाडी झगा घालायचा, कारण अंगावरच्या कपड्याचा रंग नमुन्यावर पडतो. आणि जुळवणी चालू असताना बोलायचं नाही. आजोबांच्या वेळचा नियम होता तो. बोललं की लक्ष कानात जातं, असं ते म्हणत.

आत्यानं नमुना म्हणून एका नाट्यगृहाच्या खुर्चीचं कापड पांढऱ्या फळीवर टाचलं. राखाडीच, पण त्यात पिवळट हिरवी झाक, वापरून वापरून मऊ झालेली. तांबडा, निळा कुणीही जुळवतो. राखाडी माणसाला उघडं पाडतो.

दोन शेगड्यांवर दोन पातेली, प्रत्येकीपुढे रंगाच्या पाण्याच्या बाटल्या, ढवळायला काठी आणि पांढऱ्या कापडाचा एक तुकडा. दारात बाबा उभे होते आणि त्यांच्या मागे दोघी जावा.

ठिपकीनं झगा चढवला आणि तिला बरं वाटलं. वाफेचा वास ओळखीचा होता. इथं तिला कुणी हसणार नव्हतं.

तिथं हसले होते. प्रयोगाच्या पहिल्याच तासाला. काचेच्या उभ्या नळीतून एक द्रव थेंबाथेंबानं खालच्या चंबूत सोडायचा. चंबूतलं पाणी रंगहीन असतं, आणि एका ठरावीक थेंबाला ते फिकट गुलाबी होतं, इतकं फिकट की खाली पांढरा कागद ठेवला तरच दिसावं. तिथं थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. ठिपकीला तो गुलाबी सगळ्यांत आधी दिसायचा. तिच्या शेजारच्या टेबलाशी एक चष्मेवाली होती, तिला मोतिया आणि पिवळा यांतला फरक सांगता येत नव्हता. पण चष्मेवालीचं उत्तर बरोबर यायचं, दर वेळी, आणि ठिपकीचं थोडंसं जास्त.

मग एकदा मॅडम तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "रंग आला होता तुझा. वर आणखी दोन थेंब कशाला घातलेस?"

ठिपकीला प्रश्नच कळला नव्हता. "वाळल्यावर फिका पडेल ना, मॅडम."

सगळी प्रयोगशाळा हसली होती. ओला कपडा नेहमी गडद दिसतो, वाळला की उतरतो. म्हणून पातेल्यातून काढताना तो नमुन्यापेक्षा गडदच काढायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चालायला तरी कुठे कुणी शिकवतं? पण काचेच्या चंबूत वाळायला काहीच नव्हतं.

मॅडम हसल्या नव्हत्या. "इथं काही वाळत नाही," त्या म्हणाल्या. "दिसलं की थांबायचं. पुढे काय होईल ते आपण ठरवायचं नाही."

त्यानंतर ठिपकीनं रोज सराव केला. तास संपल्यावर परवानगी काढून ती एकटी थांबायची आणि स्वतःशी पुटपुटायची, दिसलं की थांब, दिसलं की थांब. तरी उत्तर जास्तच. परवा चष्मेवालीनं मायेनं विचारलं, "मी दाखवू का तुला?" त्या रात्री ठिपकीनं गादी वळली. हिनं दाखवायचं! आपल्याला, रंग!

आता पातेल्यात तुकड्यावर रंग हळूहळू चढत होता. आधी निळसर, मग थोडा पिवळा घातला तेव्हा हिरवट. तिचा हात सहज चालत होता. शेजारी ताई नेहमीसारखी सावकाश, जड हातानं ढवळत होती. काळ्याचे थोडेसे थेंब. तुकडा काठीवर उचलून खिडकीकडे धरला. अजून थोडा. पुन्हा उचलला. आणि तो जुळला. नमुना आणि तुकडा यांच्यात रेषाही दिसेना.

ठिपकीनं तुकडा बाहेर काढला आणि पिळला.

*

थोरलीनं ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

तिला आधी वाटलं, ही नुसती बघायला काढतेय, परत बुडवेल. मग ठिपकीनं शेगडी बंद केली. ओला तुकडा नमुन्याशी जुळत होता, म्हणजे वाळल्यावर तो नमुन्याहून फिका होणार होता. हंड्यावरच्या नव्या माणसालाही पहिल्या दिवशी हेच सांगतात. 'अजून जरा' एवढं म्हणणं पुरेसं होतं. नुसतं खाकरलं असतं तरी ठिपकीनं वळून पाहिलं असतं, आणि त्या दोघींना एकमेकींच्या चेहऱ्यावरचं वाचायला फारसा वेळ लागत नसे.

पण जुळवणी चालू असताना बोलायचं नाही असा नियम होता. तो नियम थोरलीनं इतक्या आनंदानं कधीच पाळला नव्हता.

तिनं आपल्या पातेल्यात आणखी काळा घातला.

*

दोन्ही तुकडे आवारात दोरीवर गेले आणि दोघी जावा भांडी घासायच्या निमित्तानं बाहेर येऊन बसल्या.

"सावलीतच घातलेत ना?" थोरलीच्या आईनं विचारलं.

"सावलीतच आहेत."

"नाही, कुणी उन्हात सरकवायला नको, म्हणून म्हटलं."

"कोण सरकवणार, मी?"

"मी कुठे नाव घेतलं कुणाचं?"

ठिपकीची आई पातेलं घासत राहिली. उजवीकडचा तुकडा कडेकडेनं वाळायला लागला होता. कडा फिक्या पडत होत्या. तो कुणाचा, हे तिला माहीत होतं. तिला हलकं हलकं वाटायला लागलं, आणि त्याची लाज वाटून ती पातेलं आणखी जोरानं घासू लागली. स्वतः ती सातवीपर्यंत शिकली होती. ठिपकी कॉलेजला गेली त्या दिवशी तिनं जावेच्या देखत नवी साडी नेसली होती, आणि ती साडी जावेला कशी लागली असेल हे तिला पूर्ण माहीत होतं.

"कच्चा राहिलाय हो," थोरलीची आई हळूच म्हणाली.

"दिसतंय मला."

"तुम्हाला वाईट वाटत असेल."

"वाटतंय ना." ती थांबली. "पण तिनं परत जायला हवं, वहिनी. इथं राहिली तर तिचं काय होणार?"

"माझ्या थोरलीचं झालं ते होणार."

हे टोचून म्हटलं की खरंच म्हटलं, ते तिचं तिलाही कळलं नसावं. दोघी जावांचं इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ते दोघींनाही आवडलं नव्हतं.

*

आत्यानं वाळलेले तुकडे डोळ्यांपासून बोटभर अंतरावर धरले, मग लांब, मग पुन्हा जवळ. कुणाचा कुठला, ते सांगायचं नाही असं तिनं बजावलं होतं.

"हा जुळला," ती म्हणाली. "आणि हा कच्चा. हा कुणी काढला?"

"मी," ठिपकी म्हणाली.

आत्याचा हात खाली आला. तिला ऐकायचं होतं ते हे नव्हतं, आणि ते लपवण्याइतकी ती कधीच सफाईदार नव्हती.

"सवय गेली असेल, अक्का," बाबा म्हणाले. "इतके दिवस हात लागला नाही कामाला. आठवडाभर दे तिला. नजर काय कुठे पळून जाते?"

"नजर नाही जात," आत्या म्हणाली. "खरं आहे. आठवडाभर थांबू. माझी शस्त्रक्रिया काही आजच नाही."

"आणि आठवड्यानं नाही जुळलं तर महिनाभर थांबा!" थोरलीची आई उसळली. "महिन्यानं नाही तर वर्षभर! सरळ म्हणा ना वन्सं, भावाची लेक हवी, पण ती धाकट्या भावाची."

"वहिनी, तोंड सांभाळा."

"भाऊजी, मी आजवर तेच सांभाळलं!"

थोरली खिडकीपाशी उभी होती. आणखी एक आठवडा. ठिपकी दुसऱ्याच दिवशी जुळवेल. उद्या हंड्यापाशी गेली की तिला आठवेल, आपल्या कपाळावर हात मारून हसेल, आणि सगळं घर तिच्याबरोबर हसेल. थोरलीला ते हसू आत्ताच ऐकू येत होतं.

"काका," ती म्हणाली, "तिची सवय गेलेली नाही. मी बघत होते. ओला तुकडा नमुन्याशी तंतोतंत जुळला, त्याच क्षणी तिनं काढला. इतकं बरोबर मलाही पकडता आलं नसतं. ठिपके, तिथं काय शिकवतात गं तुम्हाला?"

ठिपकीनं तिच्याकडे पाहिलं. "दिसलं की थांबायचं."

"मग?"

ठिपकीनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"तुला तिथलं येत नव्हतं ना? ते आलंय तुला," थोरली म्हणाली. "म्हणून इथलं गेलं. आत्या, या दोन गोष्टी एका हातात राहत नाहीत. तिला इथं ठेवलंस तर तिचं तेही जाईल."

दोन गोष्टी एका हातात राहतात की नाही, हे थोरलीला अजिबात माहीत नव्हतं. बहुधा राहत असतील. पण माहीत असलेल्या माणसाच्या आवाजात तिनं ते सांगितलं. आत्यानं कच्चा तुकडा बराच वेळ चाचपला, जणू डोळ्यांना न दिसणारं काही बोटांना कळेल. मग तिनं तो ठिपकीच्या हातात दिला.

"थोरले," ती म्हणाली, "उद्यापासून तू बस."

ठिपकीच्या आईनं पटकन डोळ्यांना पदर लावला. तो कशासाठी, हे फक्त तिच्या जावेला कळलं.

*

संध्याकाळी ठिपकी नमुन्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी आली. थोरली टेबल पुसत होती.

"सकाळची गाडी आहे," ठिपकी म्हणाली. "बाबा सोडायला येतायत."

"बरं."

"तू पाहिलं होतंस. मी शेगडी बंद केली तेव्हा."

थोरली पुसत राहिली. "पाहिलं होतं."

"बोलली नाहीस."

"नाही बोलले."

ठिपकीनं थोडा विचार केला. "मीपण बोलले नसते," ती म्हणाली. "खोली हवी होती मला. अजून हवीय."

"ठाऊक आहे."

बाहेर दोघी जावा पुन्हा कशावरून तरी वाद घालत होत्या, नेहमीच्या आवाजात. थोरलीनं फडका पिळला.

"ती शेजारची. चष्मेवाली. तिला पहिल्याच दिवशी जमलं?"

"पहिल्याच दिवशी. आणि तिला त्याचं काही वाटतसुद्धा नाही, ताई! चष्मा पुसते आणि पुढचा प्रयोग लावते."

"जळतेस तिच्यावर?"

"खूप."

"मग जळत राहा," थोरली म्हणाली. "लाजू नकोस. रोज तिच्याकडे बघ, आणि रोज तिच्याआधी जाऊन उभी राहा. त्यानं काम होतं. मी इतकी वर्षं तशीच शिकले."

"कुणावर जळून?"

थोरलीनं वर पाहिलं. ती हसली नाही, आणि तिनं नजरही चुकवली नाही.

"तुझ्यावर," ती म्हणाली.